कुत्र्याच्या नाकात काय काय असतं

जनावरांच्या दवाखान्यात कारकुनी केलेल्या माणसाला किस्से गोचिडासारखे चिकटतात. कितीही झटकले तरी दोन-चार राहतातच. निजामाच्या अमदानीत मी उमरग्याच्या दवाखान्यात होतो. जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा सलोतरी म्हणत. आमचे सलोतरीसाहेब माणसांशी कमी आणि रोग्यांशी जास्त बोलत. रोगी उलट उत्तर देत नाहीत ना!

माझ्या अंगावर राहिलेले किस्से नेमके कुत्र्यांच्या नाकातले.

*

एका जहागीरदाराचा शिकारी कुत्रा गवतातून आला तो शिंकतच. मान झटके, पंजानं डावी नाकपुडीच ओरबाडे. उंबऱ्यावर नाक घासून रक्ताचा पट्टा उमटला, तशी हवेलीत करणीची कुजबुज सुरू झाली. लिंबंसुद्धा उतरून झाली.

"करणी एकाच नाकपुडीत कशी काय मावली?" म्हणत साहेबांनी कुत्र्याला धरायला लावलं आणि चिमट्यानं लांबलचक कुसळ ओढून काढलं.

"हुजूर, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसतं. नाकातलं बघायला सलोतरी लागतो!"

*

तळ्याकाठच्या एका कुत्र्याच्या नाकातून रक्त ठिबकायला लागलं. पोलिसांचे अमीन बंदूक घेऊनच आले. "हटो सलोतरीसाब, पागल है!"

साहेबांनी त्या बांधलेल्या, तहानलेल्या कुत्र्यापुढं पाण्याची परात सरकवली. कुत्रं वाकलं. नाकपुडीतून एक काळी बारीक जीभ बाहेर आली. लांबली. पाणी चाचपलं. मग आमच्याकडं वळली!

अमीनसाहेब भिंतीला टेकले. साहेबांनी फडक्यात धरून अख्खी जळू ओढून काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"अब चलाइए गोली. मगर निशाना जरा बारीक है!"

*

आता गौराक्कांचा किस्सा. त्यांचे यजमान मल्लप्पा आडत्ये दम्यानं गेले. थोड्याच दिवसांत घरचा कुत्रा, भुऱ्या, मान ताणून, कोपरं फाकवून घर्र घर्र श्वास आत ओढायला लागला. हुबेहूब मल्लप्पांचा श्वास! तो सुरू झाला की गौराक्का डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या.

दीर कुत्र्याला घेऊन आले, मागोमाग गौराक्का. "साहेब, ह्याला बरं करा. न्हाय तर म्या उद्या विहिरीत ढकलतो. पोरी घरात थांबंनात!" दीर म्हणाले.

तेवढ्यात भुऱ्यानं मान ताणली. मी मल्लप्पांना ओळखत होतो. मी लेखणी खाली ठेवली.

साहेबांनी क्षणभर त्याच्या नाकपुड्यांवर तळवा ठेवला आणि गळा चोळला.

"अवो, सोडा! त्यांचा गळा सोडा!" गौराक्का किंचाळल्या.

भुऱ्यानं आवंढा गिळला. घरघर थांबली.

"शिंक आहे, उलटी. बाहेर जायची ती आत ओढली जाते," साहेब म्हणाले. "नाकात काहीतरी चुरचुरतंय." त्यांनी ओल्या कापसानं नाक पुसलं. कापूस तपकिरी झाला. साहेबांनी तो हुंगला आणि स्वतःच शिंकले. "तपकीर! घरात कोण ओढतं?"

"दादाच ओढायचे," दीर म्हणाले. "आता कुणी न्हाय."

साहेबांची नजर गौराक्कांच्या चिमटीवर गेली. चिमटी तपकिरी होती.

"अक्का, हे बंद करा," ते हळू आवाजात म्हणाले. "मुक्या जनावराचं नाक आतून सोलून निघेल."

गौराक्कांनी हात पदराखाली घेतला.

"बंद करीन की," त्या म्हणाल्या, "पर मग त्येंनी यायचं कशानं?"