खालून पाच नावं

आमच्या शाळेत सरकारी कामाला नावं द्यायची एक रीत होती. निवडणूक असो की जनगणना, सेवाज्येष्ठता यादी उघडायची आणि खालून मोजायचं. नोकरीला जो सगळ्यात शेवटी लागला, तो सगळ्यात आधी उन्हात जाणार. मीही तशीच उन्हं खात वर आले होते, त्यामुळे मुख्याध्यापिका झाल्यावर त्यात मला काही वावगं दिसलं नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी तपासणीसाठी पाच शिक्षक पाठवा, असा आदेश आला. हातातला चहा निवायच्या आत मी खालून पाच नावं लिहून मोकळी झाले.

तळाचं नाव एका शिक्षण सेविकेचं होतं. दुधनीकडची मुलगी. घरी कन्नड बोलायची, आणि आमच्या पोरांच्या आया तेलुगू बोलतात म्हणून तिनं कामापुरतं तेही उचललं होतं. तीन वर्षं मानधनावर काढली की कायम करतात, आणि तिचं तिसरं वर्ष चालू होतं. अशी माणसं कशालाच नाही म्हणत नाहीत. स्नेहसंमेलन, खिचडीच्या नोंदी, रजेवर गेलेल्यांचे तास, सगळं तिच्याच गळ्यात. आम्ही म्हणायचो, किती गुणाची आहे! गुणाची कसली, घाबरलेली होती. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

एप्रिलच्या उन्हात ती ऑक्सिमीटर घेऊन यंत्रमागांच्या गल्ल्यांतून फिरली. आठव्या दिवशी एका घराच्या पायरीवर बसली ती उठेचना. त्या घरातल्यांनी शाळेत फोन केला. आमचे शिपाईमामा रिक्षा घेऊन गेले आणि तिला दवाखान्यात पोचवून आले. कोरोना तर झालाच होता, पण डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं सांगितलं की लहानपणापासून दमा आहे. पर्समध्ये पंप होता. कायम होताना आडवं येईल म्हणून तिनं तीन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय की. जिना चढून आल्या की खिडकीपाशी हुब्या ऱ्हायच्या, धाप लागायची. तुमी कुटं बघताय मॅडम? तुमी यादी बघताय."

मामांची नोकरी संपायला वर्ष राहिलं होतं, ते कुणाच्या बापाला भीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या शिक्षकांना मैदानात लिंबाखाली लांब लांब खुर्च्या टाकून बसवलं. विचारलं एवढंच, तुम्हाला काय होतंय आणि घरी कोण कोण आहे? आमचे सर्वांत ज्येष्ठ सर उठले. "मॅडम, ही खासगी बाब आहे."

"असू द्या की खासगी. तुमचं नाव वर लिहिते."

सरांनी लगेच मधुमेह आणि हृदयाचं ऑपरेशन दोन्ही सांगून टाकलं. मग खाली बसता बसता म्हणाले, "उन्हात होणार नाही, पण जे जातील त्यांच्या वर्गांना फोनवरून मी शिकवतो." इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याचा तास घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांचं बघून बाकीचेही बोलायला लागले. मी नवी यादी केली. धडधाकट असतील त्यांनी पाळीपाळीनं जायचं, बाकीच्यांनी त्यांचे वर्ग सांभाळायचे. पहिलं नाव माझं लिहिलं.

पण पुढचा आदेश आला तो नावांसकट. वरच्या कुणीतरी माझी जुनीच यादी पुन्हा छापली होती. दवाखान्यातून घरी येऊन तिला जेमतेम आठवडा झालेला. मी डॉक्टरांचा दाखला घेऊन शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. साहेबांनी तो उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "कायम व्हायचंय ना त्यांना? मग पाठवा."

माझं डोकंच फिरलं. त्यांचा राग होताच, पण ती यादी देऊन ही धमकी त्यांना मीच आयती हातात दिली होती, हे जास्त झोंबलं. बाहेर येऊन तिला फोन केला तर ती म्हणाली, "मॅडम, जाते मी. चारच दिवस आहेत की." एवढं बोलताना ती दोनदा थांबली.

"गप घरात बस," मी म्हणाले. "पाय बाहेर टाकलास तर बघ."

तिच्या जागी मी गेले, उघडपणे, रोज स्वतःच्या नावानं सही करून. साहेबांनी अडवलं, मुख्याध्यापकांना ही ड्यूटी नसते म्हणून. मी म्हटलं, "मग घरी जा असं लेखी द्या." लेखी द्यायला कोण तयार होतंय! चार दिवसांत माझ्या टाचा सोलवटल्या. आणखी चार दिवस लागते तरी फिरले असते.

मग कारणे दाखवा नोटीस आली. आदेश का मोडला, आणि संबंधित शिक्षिकेच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा का मारू नये. मी खुलाशात लिहिलं, पाच माणसं मागितली होती, पाच पोचली. चूक झाली ती पहिल्या यादीत, आणि ती माझी. शिक्षा करायची तर मला करा. अहवाल लिहिणारी मीच होते. त्यात मी तिला उत्कृष्ट म्हटलं आणि कायम करण्याचा प्रस्ताव पाठवला. तो अडला तेव्हा दर सोमवारी साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. शेवटी माझं तोंड बघून कंटाळले असतील. ती कायम झाली.

तिसऱ्या लाटेत शाळा भरलेली आणि निम्मे शिक्षक एकदमच तापानं आडवे. एका सकाळी तीन वर्गांना कुणीच नव्हतं. मी तिच्याकडे गेले आणि जुन्या सवयीनं सांगून टाकलं, "तिन्ही वर्ग हॉलमध्ये घे, आजच्या दिवस."

"नाही मॅडम," ती म्हणाली. "तीन वर्ग म्हणजे ओरडावं लागतं. माझा दम पुरणार नाही. एक घेते."

माझ्या भुवया चढल्या. "काय म्हणालीस?"

तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. "नाही म्हणाले."

मी उरलेले दोन वर्ग हॉलमध्ये नेले आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. माझ्या स्वतःच्या नोकरीवर कायमचा शिक्का बसला, त्या दिवशीही मी इतकी खूश नव्हते.