खानावळीतलं विद्यापीठ

करी रोडला कमळाबाईंच्या खानावळीवर दोन पाट्या होत्या. वरची जुनी, ‘मालवणी जेवणाची उत्तम सोय’. खालची नवी, ‘गिरणगाव लोकविद्यापीठ’. येणारे-जाणारे हसत. “कमळाबाई, सोलकढीचीपण पदवी देता काय?” कुणी विचारलं, की त्या म्हणत, “तुका मेल्या तीसुद्धा मिळाची नाय.”

विद्यापीठ शरच्चंद्र सरांनी काढलेलं. कॉलेजातली नोकरी सोडून. सरकारी मान्यता नव्हती. गिरणीतल्या माणसाला इतिहास, कायदा, अर्थशास्त्र मराठीतून शिकवायचं, एवढंच त्यांच्या मनात. जागेसाठी ते वणवण फिरले. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चार माणसं एकत्र बसणार म्हटलं की घरमालक घाबरायचे. सर कमळाबाईंकडे जेवायचे. एक दिवस त्यांचा भात ताटातच राहिला. कमळाबाईंनी कारण विचारलं, आणि ऐकून घेऊन म्हणाल्या, “दुपारची पंगत उठली की रात्रीपर्यंत खोली मोकळीच आसा. फळो खंय लावतलास तां सांगा.”

फळा पाण्याच्या पिंपावर लागला. बसायला जेवणाचेच पाट. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माणसं हातपाय धुऊन यायची. घड्याळ कुणाकडेच नव्हतं. आधी पाच-सहा जण. वर्षभरात पाट पुरेनात, माणसं गॅलरीत बसू लागली. कमळाबाई चुलीशी तांदूळ निवडत सगळं ऐकायच्या. पंगतीत कुणी जेवताना उगाच वाद घातला, तर “पुरावो काय?” असं विचारायच्या. हा शब्द त्यांनी सरांकडूनच उचलला होता.

पण विद्यापीठाचा कारभार बघणारं मंडळ गिरगावातलं. त्याचे अध्यक्ष अप्पा वकील. भला माणूस, पण विद्यापीठाला बांगड्यांचा वास यावा हे त्यांना पटेना. दादरला एक चांगली जागा मिळत होती. “एकदा वर्ग बघतो, मग ठरवू,” ते म्हणाले. जागा दादरला गेली, तर पाळीवरून सुटलेला माणूस तिथवर जाणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. कमळाबाईंनाही.

अप्पांनी दिवस कळवला आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पुकारला गेला. तरी अप्पा आले, चालत, धोतर सावरत. सर खडू घेऊन उभे. खोलीत पाट मांडलेले. माणूस एक नाही.

अप्पांनी घड्याळ बघितलं. “हरताळ आहे. समजू शकतो.”

“मोर्च्याला गेलेली माणसं कधीच परतली,” सर म्हणाले.

कमळाबाई गॅलरीत गेल्या. चाळीत माणसं होती. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी पडलं होतं. त्यांच्या ध्यानात आलं. “सर, आज भोंगो खंय झालो? झिलांका वेळ कसो कळतलो?”

त्या आत आल्या, कणकेची परात काढली, कठड्याशी उभ्या राहिल्या आणि कालथ्यानं बडवू लागल्या. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसायचा, तेव्हा जेवायला बोलवायची त्यांची हीच रीत. म्हणून झालं असं, की जिन्यावरून माणसं धडधडत आली ती हातात ताट-तांब्या घेऊन.

गिरणीत मागावर काम करणारा रामजी साचेवाला पुढे. “काय गे बाय, आज दोनदा जेवण?”

“बस गप. ताट मांडीवर ठेव आणि ऐक.”

तो बसला. मागचेही बसले. फळ्याकडे बघितल्यावर त्यांना सगळं कळलं. सरांनी शिकवायला सुरुवात केली. विषय होता प्रांतांची रचना. घोषणा देऊन बसलेल्या आवाजात माणसं प्रश्न विचारू लागली. दाटी झाली, तेव्हा अप्पांना सरकून पाटावर बसावं लागलं.

शेवटी त्यांनी शेजारच्याला विचारलं, “तुम्ही ताट नाही आणलंत?”

तो गुणाजी, समोरच्या चाळीतला. त्याच्या हातात वही होती. “मी इथं जेवत नाही, साहेब. जेवणं झालेली मी खिडकीतून बघितली होती. मग परात दुसऱ्या कशासाठी वाजेल?”

अप्पा उठताना एवढंच म्हणाले, “शरच्चंद्र, दादरच्या लोकांना नाही म्हणून कळवा.” मग दारात थांबून वर बघितलं. “पण विद्यापीठाची पाटी खाली बरी दिसत नाही.”

पुढे शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. मग वरचा मजला. महाराष्ट्र झाला त्या वर्षी पहिली प्रमाणपत्रं वाटली. त्यात गुणाजी होता, रामजीही. समारंभाला माणसं जमवायला परातच वाजली.

अप्पा वर्ग बघून परत गेले त्याच दिवशी मात्र कमळाबाईंनी स्टूल घेतलं होतं आणि स्वतः वर चढून खानावळीची पाटी उतरवली होती. सर धावले. “अहो, गिऱ्हाईक कसं येणार?”

“खानावळ खंय आसा तां सगळ्यांका म्हायत आसा,” हात झटकत त्या म्हणाल्या. “विद्यापीठ खंय आसा तां अजून सांगूक होया.”