मुरलीधररावांची लाल खूण

मोटारसायकल खोक्यातून येते, हे मीनाक्षीबाईंना पटतच नव्हतं. "अहो, मिक्सर येतो खोक्यातून. गाडी कशी येईल?" असं त्यांनी नवऱ्याला, म्हणजे मुरलीधररावांना, दोनदा विचारलं होतं. शेवटी एका मंगळवारी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या दारात ट्रकवाल्याने लोखंडी सांगाड्यात बांधलेलं, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं एक भलंमोठं प्रकरण उतरवलं आणि पावतीवर सही घेऊन तो चालता झाला.

गाडी होती ऋजुताची. ऋजुता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, हॉस्पिटलात मिडवाइफ. बाळं घड्याळ बघून जन्माला येत नाहीत आणि पहाटेची बसही घड्याळ बघून येत नाही, त्यामुळे तिने ही एकशे पंचवीस सीसीची, स्वस्तातली चिनी गाडी मागवली. दोन चाकांना मुरलीधररावांचा तीन महिने विरोध होता. पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर ते नमले, पण एका अटीवर. गाडी दुकानात जोडून घ्यायची नाही. ती ते स्वतः जोडणार, घरच्या गॅरेजमध्ये, आणि कुणी मध्ये मध्ये करायचं नाही.

यामागे त्यांचा अहंकार होता हे खरंच, पण भीती त्याहून मोठी होती. मुरलीधरराव नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर या गावात आले, अठराव्या वर्षी गिअरबॉक्सच्या कारखान्यात चिकटले आणि शेवटची सव्वीस वर्षं तिथे तपासनीस होते. तिथला नियम असा, की एकाने नट आवळायचा आणि दुसऱ्याने तपासून त्यावर रंगाची एक रेघ ओढायची. रेघ असली तर काम झालं, नसली तर झालं नाही. डोक्यात ठेवायचं काही नाही, कारण डोकं विसरतं. हे दुसरे म्हणजे मुरलीधरराव. 'मर्लीने पास केलं' म्हटलं की माल फाटकाबाहेर जायचा, त्यावर साहेबसुद्धा बोलायचे नाहीत.

आता घरी दुसरा माणूस कुठून आणायचा? ऋजुताने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलंही, "बाबा, मी हेल्प करू? हा गाडी माझा आहे ना?"

"तुझी आहे म्हणूनच तू लांब राहा," मुरलीधरराव म्हणाले.

मग आवळणारेही तेच आणि तपासणारेही तेच. कारखान्यातलं रंगाचं पेन कधीच वाळून गेलं होतं, म्हणून त्यांनी मीनाक्षीबाईंची लाल नेलपॉलिशची बाटली पळवली. तीन दिवस त्यांनी अगदी सुखात काढले. सांगाडा उघडला, बॅटरी चार्जिंगला लावली, हँडल बसवलं, आरसे आणि इंडिकेटर अडकवले. सोबत आलेलं माहितीपुस्तक कुणी भाषांतर केलं होतं देव जाणे. 'नट प्रेमाने पण ठाम दाबा' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य वाचून ते एकटेच हसले. प्रत्येक नट ते टॉर्क रेंचने आवळत. ठरलेला जोर लागला की तो पाना 'टक्' असा आवाज करतो. टक् झालं की लाल ठिपका, मग पुढचा नट.

शुक्रवारी दसरा होता. पुढचं चाक बसवून, ते धरून ठेवणारा अ‍ॅक्सलचा मोठा नट त्यांनी नुसता बोटांनी फिरवून ठेवला आणि पाना उचलणार, तोच मीनाक्षीबाई तबक घेऊन गॅरेजच्या दारात.

"अहो, उठा. दसऱ्याला गाडीची पूजा नको का?"

"पाच मिनिटं थांब."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. पुऱ्या गार होतील."

पुऱ्यांपुढे मुरलीधररावांचं काही चालत नाही. त्यांनी हात धुतले. मीनाक्षीबाईंनी गाडीच्या दिव्यावर स्वस्तिक काढलं, हँडलला घरच्या झेंडूची माळ बांधली, कालवलेल्या कुंकवाची बोटं इथेतिथे लावली, ओवाळलं आणि नारळ फोडला. ऋजुता फोटो काढत होती. मग श्रीखंड-पुरी, मग मुंबईला दिराला फोन, मग मुरलीधररावांना लागलेली गाढ झोप.

शनिवारी ऋजुताला सुट्टी होती. ड्यूटीवर नेण्याआधी गाडी एकदा चालवून बघायची म्हणून ती नाश्ता करून, हेल्मेट घेऊन आली. त्याआधीच मुरलीधररावांनी गॅरेजमध्ये जाऊन शेवटची फेरी मारली होती. खूण नसलेले दोन नट सापडले, दोन्ही आरशांचे. ते आवळले, ठिपके दिले. बाकी सगळीकडे लाल होतं. चाकाकडे पाहिलं, तिथेही लाल. समाधानाने त्यांनी हात पुसले.

"झाली. जा घेऊन."

ऋजुता गाडीवर बसली नाही. ती गुडघ्यांवर बसून एकेक नट न्याहाळू लागली.

"काय करतेस?"

"चेक करते, बाबा. आमच्याकडे पण इंजेक्शन देण्याआधी टू पीपल बघतात. एकाने बघितला तर चालत नाही."

मुरलीधररावांना हे झोंबलं. "सव्वीस वर्षं मी तपासत होतो. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे. तरी बघणार."

ते तोंड फिरवून उभे राहिले. ऋजुता हँडलपासून खाली सरकत पुढच्या चाकापाशी आली. तिथे थांबली. अंगठा फिरवला.

"बाबा, हा कलर निघतोय."

तिच्या अंगठ्यावर कुंकू होतं. नट तिने दोन बोटांनी धरला आणि तो आरामात फिरला.

मुरलीधरराव तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी नट स्वतः फिरवून पाहिला. पुढचं चाक. रिंग रोडवर, ट्रकांच्या मध्ये, ही पोर आणि तिचं पुढचं चाक. दारात आलेल्या मीनाक्षीबाई रडवेल्या झाल्या. "चाक तिथेच धरलेलं असतं ना, म्हणून मी मुद्दाम तिथे लावलं हो. सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं मला."

"बरोबर वाटलं तुला," मुरलीधरराव म्हणाले. "चूक माझी आहे. एकट्याने करायचं नाही, हे मीच लोकांना शिकवत होतो."

ते उठले. ओलं फडकं आणलं, कुंकू पुसलं. मग मीनाक्षीबाईंकडून नेलपॉलिश काढायचं औषध मागून घेतलं आणि स्वतः दिलेले सगळे लाल ठिपकेही पुसून टाकले, एकूण एक. पाना मुलीच्या हातात दिला.

"पहिल्यापासून. मी नट दाखवतो, तू आवळ. मग मी बघतो, मग परत तू बघ. खूण तू करायची."

टक्. ठिपका. टक्. ठिपका. मधे एकदा "जोर खांद्यातून, मनगटातून नाही," एवढंच ते बोलले. अ‍ॅक्सलपाशी आल्यावर ऋजुताने टक् झाल्यावरही एकवार त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली तेव्हाच तिने ठिपका दिला. या सगळ्यात दुपार झाली.

मग ती निघाली. गल्लीच्या टोकाला वळली, आवाज चौकापर्यंत ऐकू येत राहिला, मग विरून गेला. अर्ध्या तासाने तोच आवाज परत जवळ येऊ लागला, तोवर मुरलीधरराव रिकाम्या लोखंडी सांगाड्यावर बसून होते. मीनाक्षीबाई चहा घेऊन आल्या.

"नीट झाली ना हो गाडी?"

"झाली," ते म्हणाले. "ऋजुतानं पास केली."