साधं पाणी

निर्मलाताई घरात आल्या की नाडी नाही, रक्तदाब नाही, आधी बाबांना आ करायला लावायच्या. खिशातली बारीक बॅटरी काढून जीभ, गाल, टाळू सगळं बघायच्या. "तोंड ओलं तं मानूस बरा," हे त्यांचं ठरलेलं. आर्णीजवळच्या तांड्यावरच्या त्या नर्स; ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा म्हाताऱ्यांना घरोघरी जाऊन सांभाळायच्या.

बाबांचा कॅन्सर इलाजापलीकडे गेला होता. नागपूरहून घरी आणलं ते एवढ्यासाठीच, की आता दुखू द्यायचं नाही. मी जात्याच घाबरट. बाबा झोपले की छाती हलते का ते बघत बसायचो.

त्यात तो घोळ झाला. बाबांचं तोंड फार कोरडं पडलं म्हणून मी सकाळी ताईंना फोन लावला. "चमच्यानं थोडं थोडं पानी देत राहा," त्या म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. आत्याने तेवढंच ऐकलं. आजारी माणसाला चमच्याने पाणी म्हणजे तिच्या लेखी एकच पाणी! तिने देवघरातला गंगेचा गडू उघडला, तुळशीचं पान टाकलं आणि "घे रे भाऊ" म्हणत हंबरडा फोडला. बाबांनी ओठ घट्ट मिटले.

ते मिटले ते मिटलेच. पाणी नाही, दुखण्याचं पातळ औषधही नाही. दुपारपर्यंत नुसते कण्हत होते. दारात शेजारी जमले, आणि मी वेड्यासारखा पुण्याच्या भावाला "लवकर निघ" सांगून मोकळा झालो.

ताई आल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. "बाबा, काहून तोंड मिटलं?"

"मी मरून राह्यलो का, पोरी?"

मी मागून नाही-नाही खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो बाबा. बिमारी जानार नाही. पन आज नाही. आज नुसतं तोंड वाळलं." मग माठातलं पाणी वाटीत घेतलं, एक चमचा स्वतःच्या तळहातावर ओतून प्यायल्या. "हे साधं हाये. गंगेचं द्याची येळ आली तं मी तुमाले पहिले सांगीन. कोनाले चोरून देऊ देनार नाही."

बाबांनी आ केला. औषध घेऊन ते झोपलेही. धास्ती लागली ती मला. आता ताई आल्या की बाबा विचारायचे, "आज कोनतं?" त्या "साधंच हो!" म्हणेपर्यंत माझा जीव टांगणीला. एकदा मी चिडलोच. "खरं सांगाची काय गरज होती?"

"तुमचं भेव त्यायच्या ताटात काहून वाढता, भाऊ?" त्या म्हणाल्या. मी रागाने बाहेर निघून गेलो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी ताई आत आल्या, पण बॅटरी काढली नाही. बाबांच्या गार पायांवरून हात फिरवून उशाशी बसल्या.

"आज कोनतं?" आवाज उरला नव्हता, ओठांवरून कळलं.

मी ताईंचा हात धरला. "साधं म्हना ना, ताई."

त्यांनी हात सोडवला नाही. "बाबा, आज गंगेचं."

चमचा त्यांनी माझ्याकडे दिला. बाबांनी आपणहून आ केला, आणि माझा हात पुढे येईपर्यंत तसेच वाट बघत राहिले.