ठेक्यावर धरणं, वरातीत बियर

बायांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहिते.

मागच्या महिन्यात आपण आपल्या हजीरा मोहल्ल्यातल्या दारूच्या ठेक्यासमोर बसलो. लहान पोरांना विकणार नाही, असं ठेकेवाल्याकडून कबूल करवून घेतलं. माझे दीर सगळ्यात पुढे ओरडत होते.

आज दुपारी वरातीत त्याच दिरांनी गाडीच्या डिक्कीतून बियर काढून माझ्या नववीतल्या मुलाला पाजली. का, तर पोरगं नाचायला लाजत होतं.

ग्लास हिसकावला तर म्हणतात, "अहो वहिनी, शादी में इतना तो चलता है." मी तो त्यांच्याच शेरवानीवर ओतला.

आता घरचे म्हणतात, दिरांची माफी माग. मागते, आधी त्यांनी ठेकेवाल्याची मागून यावं.

आणि तुमच्यातल्या निम्म्या वरातीत होत्या. ठेक्यावर घसा फोडणाऱ्यांची तिथं वाचा का बसली?