नाथाने न चाळलेल्या चिठ्ठ्या

दि. २० एप्रिल २०२५, रविवार. पाटोद्याजवळच्या एका हळदीच्या कार्यक्रमाचे नाथाला अकरा हजार पाचशे रुपये मिळाले. त्याच्या ‘हसवा बँड’ची ती शेवटची सुपारी.

नाथा धनगराचा. वडील धुळाजी अजून मेंढरे राखतात. नाथाने मात्र एक हलगी, एक ढोलकी, एक जुना कीबोर्ड आणि माईक एवढ्यावर सोळा वर्षे लग्नघरे हसवली. त्याच्या तारखांची वही माझ्याकडे असे, कारण भिडेपोटी तो एकाच दिवसाच्या दोन सुपाऱ्या घ्यायचा.

त्याच्या बँडची एक पद्धत होती. हळदीला लोक एक चिठ्ठी आणि दहाची नोट पुढे करत. चिठ्ठीत ज्याची थट्टा करायची त्याचे नाव आणि त्याची खोड. नाथा माईक हातात घेण्याआधी साऱ्या चिठ्ठ्या चाळायचा. कुणाचे आजारपण, कुणाचे वैधव्य, माहेरी परतलेली मुलगी, कुणाची जात, असली चिठ्ठी खिशात जायची ती चुलीतच निघायची. उरलेल्यांवर तो असा सुटायचा की ज्याची थट्टा झाली तोच पुढे येऊन वीस रुपये द्यायचा.

त्या दिवशी अमरसिंह आला होता. शाळेत दोघे एका बाकावर. बँडच्या पहिल्या दोन हंगामांत माईकवर दोघे असायचे. मग अमरसिंह पुण्याला गेला, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात चमकला, लाखो लोक त्याचे व्हिडिओ पाहू लागले. प्रत्येक मुलाखतीत तो ‘माझा जिवलग नाथा’ म्हणायचा. नऊ वर्षांत एकदाही आला नव्हता. या वेळी पुढारी बबनरावांच्या शेतावर जेवायला आला, आणि तिथून तासभर हळदीला.

आल्या आल्या त्याने नाथाच्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला. नाथाने अजून एकही चिठ्ठी वाचली नव्हती. ‘थांब, चाळून देतो,’ एवढेच म्हणायचे होते. पण मांडवासमोर पाहुण्याच्या हातातून काही परत मागणे आमच्याकडे शोभत नाही. नाथाने माईकही त्याच्यापुढे केला.

तिसरी चिठ्ठी नवरीच्या मावशीवर, वच्छलाबाईंवर होती. मांडवातल्याच पप्पू नावाच्या एका टवाळाने ती लिहिली होती. वच्छलाबाई ऊसतोडीला जातात. तिसाव्या वर्षी त्यांची गर्भाची पिशवी काढलेली आहे. तोडीवर खाडा पडू नये म्हणून आमच्या जिल्ह्यात किती बायांनी हे ऑपरेशन करून घेतले, ते इथे कुणाला सांगावे लागत नाही. अमरसिंहाने त्यावर विनोद केला. तो मी लिहिणार नाही. पुढची वीस-पंचवीस माणसे हसली आणि मीही लगेच उठलो नाही, हे मात्र लिहितो. वच्छलाबाईंनी हळदीचे हात पदराला पुसले आणि त्या चालू लागल्या. मागोमाग साऱ्या बाया उठल्या.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळीकडे फिरला. अमरसिंहाचा फोन आला तेव्हा मी नाथाशेजारी होतो.

“नाथा, बँडनं लिहून दिलं होतं म्हण.”

“मी कुटं दिलं लिहून?”

“अबे, तुला कोण ओळखतंय? तुझं काय जातंय? माझं चॅनलचं काँट्रॅक्ट हाय. आपण भाऊ हाय ना बे?”

नाथाने फोन ठेवून दिला. संध्याकाळी अमरसिंहाची पोस्ट आली: स्थानिक बँडने दिलेल्या मजकुरामुळे भावना दुखावल्या, त्याबद्दल खेद वाटतो. तीन दिवसांत नाथाच्या मे महिन्यातल्या सातही सुपाऱ्या गेल्या. बबनरावांनी त्याला बोलावून घेतले.

“माफीचा व्हिडिओ टाक, मिटवून टाकू. अमरसिंहाचं नाव काढू नको. पोरगं तालुक्याचं नाव करतंय.”

ज्याने घाण केली त्याला शाल, आणि ज्याने सोळा वर्षे ती घाण मांडवाबाहेर ठेवली त्याने कॅमेऱ्यासमोर कान धरायचे! नवरीच्या भावाकडे सगळे चित्रीकरण होते. गठ्ठा कुणी उचलला, ते त्यात स्वच्छ दिसत होते. मी ते मागून आणले आणि नाथाला म्हटले, “टाक. हंगाम वाचेल.”

“आदी मावशीकडं जाऊ,” तो म्हणाला.

वच्छलाबाई दारातच ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

“तू कावून आलास? तो कुटं हाय?”

“तो न्हाई येणार, मावशी. ते मी लिहून दिलं नव्हतं. माज्याकडं व्हिडिओ हाय.”

“मला दावतूस व्हिडिओ? मी तितंच बसले होते की.” मग सूप थांबले. “माज्या पोरीच्या हळदीला बी तूच होतास. तवा कुनीतरी हेच लिहिलं होतं, मला म्हाईत हाय. तू न्हाई वाचलंस. आता कावून दिल्यास चिठ्ठ्या त्याच्या हातात? मोठा मानूस म्हणून?”

“व्हय,” नाथा म्हणाला.

बाहेर येऊन त्याने माझ्यादेखत ते चित्रीकरण मोबाईलमधून काढून टाकले. बबनरावांनी सांगितलेला माफीचा व्हिडिओही त्याने केला नाही. मी त्याच्यावर ओरडलो. माझा राग अजून गेलेला नाही. मात्र तो नाथावर नाही. अमरसिंहाच्या कार्यक्रमाचे नवे पर्व सुरू झाले आहे आणि माजलगावात त्याचा सत्कार झाला. व्यासपीठावर त्याने जिवलग मित्राची आठवण काढली म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाथाने कीबोर्ड विकला आणि रद्द झालेल्या सुपाऱ्यांचा इसार घरोघर जाऊन परत करायला घेतला. आता तो दुसऱ्याच्या बँडमध्ये रोजाने हलगी वाजवतो. माईक घेत नाही. सातापैकी सहा घरांचा इसार फिटला. नेकनूरच्या हरिबांचे पाचशे रुपये द्यायचे बाकी आहेत.