कोरडी टाळू

जळकोटजवळच्या एका गावात आम्ही तान्ह्या बाळांच्या मेंदूचा अभ्यास करायला गेलो, तेव्हा ती पहिल्यांदा दिसली. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, आणि तळहातावर तेल घेऊन ती त्याची टाळू भरत बसली होती. मेंदूचं काम टिपणारी आमची दिव्यांची टोपी तेलकट डोक्यावर नीट चालत नाही. मी घाईत म्हटलं, "मशीनसाठी तेल लावू नका." फक्त तपासणीच्या दिवशी, हे सांगायचं राहिलं.

सहा महिन्यांनी, पुढच्या तपासणीला, ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बाळाची मान अजून लटकतच होती. डोकं कोरडं पडून खपल्या धरल्या होत्या. तिचा हात टाळूकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा.

"तुमी सांगितलं तवापासून एक थेंब लावला न्हाई, ताई. सासू लई बोलली, तरी न्हाई. आता मान धरंल ना?"

मशीन फक्त बघतं, बरं करत नाही. संमतीपत्रात तसं होतं, मी ते वाचूनही दाखवलं होतं. वाचून दाखवलं म्हणजे सांगितलं, असं नव्हे. बाळाच्या कोरड्या डोक्यावर टोपी बसवली आणि आता सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात लॅपटॉपवर टोपीचे सिग्नल बघणारा सहकारी खूश होऊन ओरडला, "वा! इतकं चांगलं कुणाचंच आलं नव्हतं."

ते ऐकून ती पहिल्यांदाच हसली.

मी तोंड मिटून घेतलं.